पोपचे अर्धपुतळे, बरोककालीन

पोपचे अर्धपुतळे, बरोककालीन : सतराव्या शतकात रोममध्ये घडविण्यात आलेली, कॅथलिक धर्मपीठाच्या प्रमुखाची संगमरवरी व्यक्तिशिल्पे. मस्तक, स्कंध व छातीचा वरचा भाग एवढाच देह लहानशा बैठकीवर उभा करून संपूर्ण व्यक्तीचा प्रत्यय देणे, हे या शिल्पप्रकाराचे उद्दिष्ट होय. जोव्हान्नी लोरेंत्सो बेर्नीनी (१५९८–१६८०) हा त्याचा सर्वश्रेष्ठ कलावंत. पाचवा पॉल (कार. १६०५–२१), पंधरावा ग्रेगरी (१६२१–२३), आठवा अर्बन (१६२३–४४), दहावा इनोसंट (१६४४–५५), सातवा अलेक्झांडर (१६५५–६७) व दहावा क्लेमेंट (१६७०–७६) एवढ्या पोपचे अर्धपुतळे त्याने घडविले. त्याचा समवयस्क प्रतिस्पर्धी आलेस्सांद्रो आल्गार्दी (१५९८–१६५४) याचे कार्यही या क्षेत्रात मोलाचे आहे.

राजाच्या व्यक्तिशिल्पापेक्षा पोपचे व्यक्तिशिल्प एका दृष्टीने अधिक बिकट असते. राजा जन्माने राजा असतो व त्याचे पद त्याच्या रक्तात असल्याचे मानले जाते. पोप मात्र निवडला जातो. निवडीनंतर तो आपले मूळ नाव टाकून नवे नाव धारण करतो. माफ्फेओ बार्बेरीनी याचा आठवा अर्बन झाला, जोव्हान्नी बात्तिस्ता पांफिली याचा दहावा इनोसंट. बहुधा उतारवयातच त्याच्या वाट्याला हे पद येते; माणूस थोड्या वर्षांत जातो, पद मागे राहते. म्हणून त्याच्या प्रतिमेत दोन व्यक्ती एकत्र नांदतात : एक अविनाशी पदाधिकारी आणि दुसरा, त्या पदाचा भार वाहणारा, थकणारा, मरणाधीन माणूस. या दोघांना एकाच रंगहीन दगडात, एकाने दुसऱ्याला न गिळता, कसे सामावून घ्यावयाचे, हाच या शिल्पप्रकाराचा मूळ प्रश्न होय. त्याच्या यशापयशाची कसोटीही तीच.

पूर्वपरंपरा : अर्धपुतळ्याची प्रथा प्राचीन रोमन आहे. पूर्वजांच्या हुबेहूब प्रतिमा घरात जतन करण्याच्या रोमन रिवाजातून वास्तवदर्शी व्यक्तिशिल्पाची परंपरा वाढली. मध्ययुगात संतांचे अवशेष ठेवण्यासाठी धातूचे अर्धपुतळे करीत. प्रबोधनकाळात या दोन्ही धारांचा संगम झाला. ग्युल्येल्मो देल्ला पोर्ता याने सोळाव्या शतकाच्या मध्यास घडविलेला तिसऱ्या पॉलचा अर्धपुतळा (सध्या नेपल्स येथील कापोदीमोन्ते संग्रहालयात) हा त्याचा उत्कृष्ट नमुना. त्यात पोपच्या विधिवस्त्रावरील उत्थित कोरीवकाम इतके समृद्ध आहे, की प्रेक्षकाची दृष्टी आधी वस्त्रावर व नंतर चेहऱ्यावर जाते. पदाने माणसावर केलेली ही सौम्य मात म्हणता येईल.

पोपची प्रतिमा ही केवळ शोभेची वस्तू नव्हती, हे १५५९ मधील एका घटनेवरून स्पष्ट होते. कठोर धर्मन्यायामुळे अप्रिय झालेल्या चौथ्या पॉलच्या मृत्यूनंतर रोमच्या जमावाने कॅपिटोल टेकडीवरील त्याच्या पुतळ्याचे मस्तक तोडून ते रस्त्यांतून फिरविले. ज्या देहाला हात लावता येत नव्हता, त्याच्या दगडी प्रतिरूपाला शिक्षा झाली. प्रतिमेत पद वसते, अशी श्रद्धा असल्याखेरीज असा सूड संभवत नाही.

तंत्र व घडण : रंगचित्रात पोपचे पद रंगानेच सिद्ध होते. त्याची कानांपर्यंत येणारी मखमली टोपी (कामाउरो) व कोपरापर्यंत पोहोचणारा, समोर गुंड्यांनी बंद होणारा आखूड झगा (मोझेत्ता) ही दोन्ही लाल असतात. बेलास्केथने सु. १६५० मध्ये रंगविलेल्या दहाव्या इनोसंटच्या विख्यात चित्रात या लाल रंगाच्या नाना छटांतून सत्तेचे तेज व चेहऱ्यावरील संशय एकदमच प्रकट होतात. शिल्पकाराला ही सोय नाही. संगमरवरात मखमल, केसाळ काठ, तागाचे कापड, त्वचा, दाढीचे केस व डोळ्यांतील ओल हे सर्व एकाच शुभ्र द्रव्यात दाखवावे लागते.

या अडचणीची जाणीव बेर्नीनीला पुरेपूर होती. १६६५ मध्ये तो फ्रान्सला गेला असता त्याच्यासोबत असलेल्या शांतलू याने ठेवलेल्या रोजनिशीत त्याची मते नोंदलेली आहेत. एखाद्या माणसाने आपले केस, ओठ व भुवया पिठाने पांढऱ्या केल्या, तर त्याचे स्नेहीसुद्धा त्याला ओळखणार नाहीत. म्हणून संगमरवरात साम्य साधावयाचे, तर जे प्रत्यक्षात नाही तेही कधीकधी कोरावे लागते, असे त्याचे म्हणणे होते. डोळ्यांभोवतीची काळसर छटा दाखविण्यासाठी तो तेथील दगड नैसर्गिकापेक्षा अधिक खोल कोरी, म्हणजे सावली रंगाचे काम करी. बुबुळात गिरमिटाने छिद्र पाडून दृष्टीला दिशा देणे, मिशांच्या टोकांखाली दगड पोखरून त्यांना हलकेपणा आणणे, गालावर अतिसूक्ष्म झिलई देऊन वस्त्रावर मात्र कानशीचे किंवा दातेरी छिन्नीचे ओरखडे तसेच ठेवणे, अशा उपायांनी त्याने एकाच दगडातून अनेक पोत निर्माण केले. त्याच्या दृष्टीने साम्य म्हणजे मापांची नक्कल नव्हे, तर परिणामाची बरोबरी होय.

त्याची दुसरी धारणा याहून महत्त्वाची आहे. माणूस निश्चल बसला असता स्वतःसारखा दिसत नाही, बोलताचालताना दिसतो, असे तो मानी. म्हणून तो आपल्या विषयाला खुर्चीत खिळवून न ठेवता त्याला हिंडूफिरू व बोलू देई आणि त्या वेळी झरझर रेखाटने करी. प्रत्यक्ष दगडावर काम करताना मात्र तो बहुतेक स्मरणावर विसंबे, कारण त्याला रेखाटनाची नव्हे, तर माणसाची प्रत काढावयाची असे. मोंतोया नामक स्पॅनिश धर्माधिकाऱ्याच्या अर्धपुतळ्यासंबंधीची, त्याच्या चरित्रकारांनी दिलेली आख्यायिका बोलकी आहे. मोंतोया स्वतः तेथे आला असता कार्डिनल बार्बेरीनीने त्याला स्पर्श करून ‘ही प्रतिमा’ असे म्हटले व पुतळ्याकडे वळून ‘हा मोंतोया’ असे सांगितले, असा तिचा आशय आहे. हाच बार्बेरीनी पुढे आठवा अर्बन झाला आणि स्वतःच बेर्नीनीच्या छिन्नीचा विषय बनला.

प्रमुख शिल्पे : पाचव्या पॉलचे दोन अर्धपुतळे बेर्नीनीने घडविले. विशीच्या आसपास केलेला लहान आकाराचा पुतळा रोमच्या बोर्गेसे संग्रहात आहे. दुसरा १६२१ मध्ये, पोपच्या मृत्यूनंतर, त्याचा भाचा कार्डिनल शिप्योने बोर्गेसे याच्या सांगण्यावरून त्याने केला. त्यातील भरजरी विधिवस्त्रावर संत पीटर व संत पॉल यांच्या आकृती भरतकामाप्रमाणे कोरलेल्या आहेत. परंतु त्या उठावाने उथळ ठेवल्यामुळे अनावृत मस्तकाशी स्पर्धा करीत नाहीत. देल्ला पोर्ताच्या शिल्पातील असमतोल येथे दूर झालेला दिसतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा पुतळा बोर्गेसे कुटुंबाच्या हातून गेला. पुढे स्लोव्हाकियातील एका खाजगी संग्रहात असताना त्याच्या कर्त्याचे नावही विस्मृतीत गेले होते. ओळख पटल्यानंतर २०१५ मध्ये लॉस अँजेल्स येथील गेटी संग्रहालयाने तो मिळविला. ज्या चेहऱ्याला एके काळी राजे नमन करीत, तो दीर्घकाळ एक अनामिक म्हातारा म्हणून उभा होता, ही गोष्ट या शिल्पप्रकाराच्या मर्मावर बोट ठेवणारी आहे.

आठव्या अर्बनचे अर्धपुतळे संख्येने सर्वांत अधिक असून ते दीर्घ कालावधीत विखुरलेले आहेत. रोमचा बार्बेरीनी प्रासाद व ओटावाची राष्ट्रीय कलावीथी येथे त्यांपैकी महत्त्वाचे नमुने पाहावयास मिळतात. अर्बन हा बेर्नीनीचा सर्वांत मोठा आश्रयदाता; सेंट पीटर चर्चमधील प्रचंड ब्राँझ छत्र (१६२४–३३) त्याच्याच आज्ञेने उभारले गेले. याच पोपच्या कारकीर्दीत १६३३ मध्ये गॅलिलीओवर खटला चालला व बार्बेरीनी कुटुंबाच्या धनलोभाने रोमची जनता त्रस्त झाली. आश्रित कलावंताकडून स्तुतीच अपेक्षित असते. तथापि बेर्नीनीच्या अर्बनमध्ये विजयाचा दर्प नाही. मस्तक किंचित पुढे झुकलेले, नजर विचारात हरवलेली, कपाळाची व डोळ्यांखालची त्वचा सैल होत गेलेली. मोझेत्ताचे कापड मात्र खांद्यावर भारदस्तपणे उभे. वस्त्र जुने होत नाही व चेहरा होतो, या साध्या विरोधातून पद आणि माणूस यांतील अंतर न बोलता सांगितले जाते.

दहाव्या इनोसंटचे बेर्नीनीने घडविलेले दोन अर्धपुतळे (सु. १६५०) रोमच्या दोरिया पांफिली संग्रहात आहेत. पहिल्याच्या शिळेत चेहऱ्याच्या खालच्या भागात तडा दिसून आल्याने दुसरा घडविण्यात आला. हा पोप आरंभी बेर्नीनीला अनुकूल नव्हता. सेंट पीटरच्या दर्शनी भागावर बेर्नीनीने बांधावयास घेतलेला घंटामनोरा भेगांच्या कारणावरून १६४६ मध्ये उतरविण्यात आला होता आणि शिल्पकामे आल्गार्दीकडे गेली होती. आल्गार्दीच्या इनोसंटमध्ये शांत, समतोल प्रतिष्ठा आहे. त्याच्यापुढे आपण भेटीची वेळ ठरवून आल्यासारखे उभे राहतो. बेर्नीनीचा इनोसंट मात्र जणू आपल्या बोलण्याकडे लक्ष देत आहे आणि अद्याप त्याचा निर्णय झालेला नाही. दोघांतील हा भेद कॅपिटोलवरील एकाच दालनातील दोन भव्य पुतळ्यांतही दिसतो. तेथे बेर्नीनीचा संगमरवरी अर्बन व आल्गार्दीचा ब्राँझमधील इनोसंट समोरासमोर बसले आहेत. पदाची मर्यादा आल्गार्दीने अधिक राखली, माणसाची बेर्नीनीने. व्यक्तिशिल्प म्हणून बेर्नीनीचे कार्य श्रेष्ठ ठरते, ते यामुळेच.

या शिल्पांवर घेतला जाणारा आक्षेपही लक्षात घ्यावयास हवा. प्रॉटेस्टंट पंथाला उत्तर म्हणून रोमने जी दृश्य प्रचारमोहीम उघडली, तिचाच हा एक भाग होता. त्यांतील मानवी स्पर्श हा सत्तेला लोभस करण्याचा उपाय होता, असे म्हणता येईल. यात तथ्य आहे. परंतु प्रचाराला केवळ पद पुरते. थकलेल्या पापण्या व अनिश्चित ओठ यांची त्याला गरज नसते. आश्रयदात्याच्या मागणीपेक्षा कलावंताने अधिक दिले, हेच या शिल्पांचे उरलेले मूल्य होय.

गोवा व रोम : या पोपचा पश्चिम भारताशी दूरचा संबंध नव्हता. ⇨ फ्रान्सिस झेव्हिअर यास १२ मार्च १६२२ रोजी संतपद दिले ते पंधराव्या ग्रेगरीने. बेर्नीनीने त्याचे अर्धपुतळे घडविले, ते याच सुमारास. त्याच वर्षी त्याने धर्मप्रसारासाठी ‘प्रोपागांदा फीदे’ ही संस्था स्थापिली. गोव्यातील दिवाडी बेटावर जन्मलेला मातेउश द कास्त्रू याला मायदेशी पोर्तुगीज धर्मसत्तेने डावलले, तेव्हा तो रोमला गेला. तेथे त्याला धर्मगुरूची दीक्षा मिळाली व १६३७ मध्ये, अर्बनच्या कारकीर्दीत, तो बिशप झाला. आदिलशाही मुलखासाठी त्याची नेमणूक करण्यात आली. परंतु गोव्याच्या धर्माधिकाऱ्यांनी त्याचे अधिकार मानले नाहीत. पोपचा शब्द कोकणच्या किनाऱ्यापर्यंत असा पोहोचत होता. त्याची मुद्रा मात्र रोममध्येच राहिली. पदावर असलेला पोप भारतात प्रथम आला तो १९६४ च्या डिसेंबरमध्ये, जेव्हा सहावा पॉल मुंबईच्या धर्मपरिषदेस उपस्थित राहिला.

बरोक संगमरवर मात्र त्यापूर्वीच गोव्यात आले होते. जुन्या गोव्यातील बॉम जेझूस चर्चमधील झेव्हिअरचे स्मारक टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोझिमो याने भेट दिले. फ्लॉरेन्सच्या जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जीनी (१६५२–१७२५) याने ते घडविले व १६९८ मध्ये ते गोव्यात जुळवून उभे केले गेले. फोज्जीनीचे शिक्षण रोममध्ये एर्कोले फेर्रातापाशी झाले होते आणि फेर्राताने बेर्नीनी व आल्गार्दी या दोघांकडेही काम केले होते. म्हणजे गोव्यातील हे स्मारक त्याच घराण्याचे. रंगीत संगमरवर व जास्पर यांच्या चौथऱ्यावर संताच्या जीवनातील प्रसंगांचे चार ब्राँझपट बसविले असून वर गोमंतकीय कारागिरांनी १६३६-३७ मध्ये घडविलेली चांदीची पेटी आहे. येथे अर्धपुतळा नाही व त्याची उणीवही भासत नाही. जेथे प्रत्यक्ष देह जपलेला आहे, तेथे प्रतिमेने देहाची जागा घेण्याचे प्रयोजन उरत नाही; शिल्प कथन करते व देह साक्ष देतो. व्यक्तिशिल्पाची खरी गरज अनुपस्थितीतून निर्माण होते, हे या तुलनेवरून उमगते.

महाराष्ट्रातील अनुबंध : संगमरवरी व्यक्तिशिल्प महाराष्ट्रात रूढ झाले ते रोमहून थेट नव्हे, तर एकोणिसाव्या शतकातील ब्रिटिश शिल्पकारांच्या हातून, नवअभिजात वळणाने. मॅथ्यू नोबल याने घडविलेला नाना शंकरशेट यांचा पुतळा मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत आहे. त्याच शिल्पकाराचा, बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी दिलेल्या देणगीतून उभा राहिलेला राणी व्हिक्टोरियाचा पुतळा (१८७२) मुंबईच्या किल्ला भागात होता. १८९६ मध्ये दामोदर चापेकर यांनी त्याला डांबर फासले व जोड्यांची माळ घातली. रसायनशास्त्रज्ञ त्रिभुवनदास गज्जर यांनी पुढे तो डाग काढला. रोममधील १५५९ च्या घटनेशी या प्रसंगाचे नाते उघड आहे. हल्ला झाला तो एका वृद्ध स्त्रीच्या चेहऱ्यावर नव्हे, तर सिंहासनावर. शुभ्र संगमरवर जितके पवित्र दिसते तितकेच ते डागाला सोपे असते. १९६५ च्या सुमारास मुंबईतील असे अनेक पुतळे हलवून राणीच्या बागेत नेण्यात आले. पद गेल्यावर केवळ शिल्प उरले, आणि आता ते शिल्प म्हणूनच पारखावे लागते.

सर जे. जे. कलाशाळेत (स्थापना १८५७) शिकलेल्या पिढ्यांनी हा प्रकार आत्मसात केला. शिर्डी येथील साईबाबांची मूर्ती हे त्याचे सर्वाधिक पाहिले जाणारे फलित होय. इटलीहून आलेल्या संगमरवरातून बाळाजी वसंत तालीम यांनी घडविलेली ही मूर्ती १९५४ मध्ये विजयादशमीस स्थापन झाली. बाबांचे महानिर्वाण १९१८ मधील. त्यामुळे शिल्पकाराला छायाचित्रावरच विसंबावे लागले. तरीही बसण्याची सैल, घरगुती ढब व भक्ताकडे लागलेली नजर यांमुळे मूर्ती गादीवर बसलेल्या देवाची न वाटता ओळखीच्या माणसाची वाटते. येथे पद असे नव्हतेच; माणसातूनच देवत्व आले. बरोक शिल्पकाराचा प्रश्न येथे उलट दिशेने सोडविलेला आहे.

पुण्याची मंडई हे या प्रश्नाचे आणखी एक स्थळ होय. १८८६ मध्ये बांधलेल्या या वास्तूला गव्हर्नर लॉर्ड रे याचे नाव होते. पुढे ती महात्मा फुले मंडई झाली. १९२४ मध्ये येथे पंडित मोतीलाल नेहरू यांच्या हस्ते लोकमान्य टिळकांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. बाजाराच्या चौकातील पुतळ्याची परीक्षा दालनातील अर्धपुतळ्याच्या मापाने करणे न्याय्य ठरणार नाही. अर्धपुतळा डोळ्यांच्या पातळीवर, हातभर अंतरावरून पाहावयाचा असतो. चौकातील पुतळा गर्दीतून, खालून व चोहोबाजूंनी दिसतो. त्याला बाह्याकृतीवरच भिस्त ठेवावी लागते. म्हणून पगडी, उपरणे, फेटा, काठी ही आपल्या सार्वजनिक शिल्पांतील विधिवस्त्रे बनली. भाजीच्या टोपल्यांतून वाट काढणाऱ्या माणसाला टिळक ओळखू यावेत ते पगडीवरून, यात गैर काही नाही.

दोष सुरू होतो तो सभागृहे, ग्रंथालये व कचेऱ्या यांतील अर्धपुतळ्यांत. तेथे अंतर अर्धपुतळ्याला अनुकूल असते, पण काम मात्र चौकातल्यासारखे होते. बहुधा मृत्यूनंतर, एकाच समोरून घेतलेल्या छायाचित्रावरून मातीचे काम होते, साच्यातून त्याच्या प्रती निघतात आणि पगडी अचूक उतरते, परंतु पगडीखालचा माणूस निसटतो. छायाचित्र क्षण देते, संभाषण देत नाही. ज्या नेत्याने आयुष्यभर वाद घातला, त्याचे ओठ मिटलेले व नजर शून्यात लागलेली दिसते. अशा शिल्पांतून आदर व्यक्त होतो, ओळख होत नाही. आणि ओळख नसलेला आदर पुढच्या पिढीत केवळ हार घालण्यापुरता उरतो.

मूल्यमापन : बरोक अर्धपुतळ्यांतील धार्मिक आशय आज सर्व प्रेक्षकांना आपला वाटेल असे नाही. पोपची ऐहिक सत्ता लयास गेली, त्याच्या कुटुंबांचे संग्रह विखुरले, एक पुतळा तर आपले नावही हरवून बसला होता. तरी त्याच्यापुढे उभे राहणाऱ्याला कोणी तरी आपल्याकडे पाहत असल्याचा भास होतो. वस्त्राने सांगितलेले इतिहासजमा झाले, चेहऱ्याने सांगितलेले अद्याप ऐकू येते. ज्यांना आपल्या काळातील थोर व्यक्ती दगडात किंवा धातूत जतन करावयाच्या आहेत, त्यांनी या शिल्पांपासून घ्यावयाचा धडा शैलीचा नव्हे, दृष्टीचा आहे. व्यक्ती हयात असेल तेव्हा तिचे बोलणे, वळणे, ऐकणे पाहून ठेवावे. ती नसेल तर तिला पाहिलेल्यांच्या आठवणी छायाचित्राइतक्याच गंभीरपणे घ्याव्यात. पदाचा मान राखूनही माणसाला हरवू न देणे, हेच व्यक्तिशिल्पाचे अंतिम कर्तव्य होय.